दारातला वरवंटा

परळला, भोईवाड्याच्या उतारावर,
औषधांचं जुनं गोदाम होतं ते.
बावीस खोल्या बसवायच्या होत्या त्यात,
ज्यांचं पोर समोरच्या इस्पितळात, त्यांच्यासाठी.
टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं बाबल मेस्त्रीनं.
"नऊ बाय अकरा," तो म्हणाला,
"माणसं मावतील. सामानाचं काय?"

सामान मी आधीच पाहून आले होते, फुटपाथवर:
एक स्टोव्ह, पोराची उशी, दोरीवर टॉवेल,
आणि फाईल.
फाईल प्रत्येकाची तीन पिशव्यांत गुंडाळलेली.
म्हणून नकाशात सगळ्यात आधी आली फायलीची फळी,
छातीच्या उंचीवर. पाणी पोचू नये,
हात मात्र अंधारातही पोचावा.

मग बाकीचं.
फरशीवर नक्षी नको, औषध चढलं की नक्षी पोहायला लागते.
भिंतीवर ससे नकोत,
वॉर्डातले ससे पाठ आहेत त्यांना,
एकेका सशापाशी एकेक सुई आहे.
बटण दाबलं तर खट्ट होऊ नये.
आरसा कपाटाच्या दारामागे; ज्याला बघायचंय त्यानं उघडावं.
जिन्याखाली एक बाक, भिंतीकडे तोंड करून, बापांसाठी.
कशाला, ते मी लिहिलं नाही, बाबलनं विचारलं नाही.
पाठीची फळी त्यानं दोन बोटं कलती केली फक्त.

अडलं ते फोडणीपाशी.
केमो झालेल्या पोराला मोहरी तडतडली की ढवळतं,
आणि आयांना तर हवी होती फोडणीच,
स्वतःच्या हातची, स्वतःच्या डब्यातली.
मी वारा पाहिला. इथे तो समुद्रावरून येतो.
चूल नेली पूर्वेच्या टोकाला, वास जाऊ दे शिवडीकडे,
आणि मध्ये एक दार. जड. आपोआप मिटणारं.
त्या दाराचा मला अभिमान होता.

आठ महिन्यांनी फोन आला: दाराचं बघून जा.
गेले. दार ठणठणीत होतं.
दारात वरवंटा होता, हळदीनं पिवळा पडलेला.
"कुणी ठेवला हा?" माझा आवाज जरा चढलाच.
वेस्ता पावरा पुढे आला, धडगावचा, हातात पळी.
"बाई, झीनानं काल विचारलं, काय शिजतंय म्हणून.
अकरा दिवसांनी बोलली.
मग दार मिटू कसं देणार?"
उडदाची डाळ होती, गावचं आमचूर घातलेली.
पोरगी खाटेवर, टोपी कानांवर ओढून.
दोन चमचे खाल्ले तिनं, तिसऱ्याला मान फिरवली.
दोन, हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

सातव्या खोलीत अल्मासबींचा मुलगा
बादलीवर ओणवा होता. त्याच वासानं.
अल्मासबी काही बोलल्या नव्हत्या कुणाला,
ओढणीचं टोक ओलं करून त्याच्या नाकाशी धरत होत्या.
फोनही त्यांनी केला नव्हता.
वेस्तानं केला होता.
"एकाला उघडं आणि एकाला बंद," तो म्हणाला,
"असं दार मिळतं का मुंबईत?"

नकाशात दार दाखवायला आम्ही पाव वर्तुळ काढतो.
इतकी वर्षं मी त्याची दोन टोकंच पाहिली होती.

एकोणिसावी खोली नुकती झाडलेली.
फायलीची फळी रिकामी.
ते लोक घरी कसे गेले, विचारलं नाही मी.

बाबलनं बिजागरीशी बसून तासभर खुडबुड केली,
उठला तेव्हा दार कुठेही थांबत होतं, हात सोडला तिथं.
वरवंटा पाट्यावर गेला.
वेस्तानं दार चार बोटं उघडं ठेवलं,
मागे वळून सातव्या खोलीकडे पाहिलं,
तीन केलं.